कामठ्याचा तोल

नंदुरबार जिल्ह्यात पाहुणा आला की हार-फेट्याबरोबर त्याच्या हातात तीरकामठा दिला जातो. पाहुणा तो उंचावतो, दोरी कानापर्यंत ओढल्याचा आविर्भाव करतो, फोटो निघतात, आणि कामठा मागच्या रांगेतल्या स्वीय सहायकाच्या काखेत जातो. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या मिरवणुकांत आणि फाल्गुनात होळीच्या नाचांतही असे कामठे हातोहाती दिसतात. उरलेल्या महाराष्ट्राला धनुष्यबाण ठाऊक आहे तो मुख्यतः मतदान यंत्रावरचा. त्यामुळे ओढायचा कामठा कोणता आणि शोभेचा कोणता, हे ओळखायची वेळ फारशी कुणावर येत नाही.

ओळखायचंच असेल तर रंग, गोंडे, नक्षी यांच्याकडे बघू नये. दोरी चढवलेला कामठा हातभर अंतरावर धरावा आणि मुठीपासून टोकापर्यंत त्याच्या बाकावरून सावकाश नजर फिरवावी. शोभेच्या कामठ्यात ही नजर कुठेतरी अडखळतेच. वीतभर काठी सरळच राहिलेली असते आणि पुढे एकदम मोडल्यासारखी वळलेली असते, किंवा वरची बाजू पुरती वाकलेली आणि खालची नुसती बघत बसलेली. ओढायच्या कामठ्यात बाक दोन्हीकडे सारखा उतरत जातो. हा बाक काठीत आपोआप येत नाही, तो तासून, खरवडून आणावा लागतो. आणि त्याआधी ती काठी काही महिने सावलीत किंवा चुलीवरच्या धुरात पडून राहावी लागते.

वाळवणं आणि तोल साधणं ही दोन्ही कामं फोटोत येत नाहीत. कामठा ओढायची गरज संपली तशी सगळ्यात आधी हीच दोन गळाली. आकार राहिला आणि रंग वाढला. कामठा टिकला म्हणून समाधान मानणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते एवढ्याचसाठी.

*

सुरत-नागपूर महामार्गानं धुळ्याकडून निघालं की साक्री, दहिवेल मागे पडतं आणि कोंडाईबारीचा घाट लागतो. घाटाच्या वरच्या अंगाला कोरडी माळरानं आहेत. घाट उतरला की नवापूर तालुका सुरू होतो आणि भाताची खाचरं, बांधावरचे मोह, सागाचे उतार दिसू लागतात. नंदुरबारच्या पूर्व भागापेक्षा इथे पाऊस बरा पडतो. विसरवाडी हे घाटाखालचं बाजाराचं गाव. इथून उत्तरेला खांडबाऱ्यावरून नंदुरबारचा रस्ता फुटतो. पश्चिमेला नवापूर, आणि त्याला लागूनच गुजरात, इतकी लागून की नवापूरच्या रेल्वे फलाटाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. तालुका सगळाच्या सगळा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला. मावची, गावित, भिल्ल, कोकणी अशी वस्ती, आणि बांबूच्या टोपल्या, सुपं विणणारे कोटवाळियाही याच सीमापट्ट्यातले.

महामार्गावरून जाणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला ढाबे दिसतात, पंक्चरची दुकानं दिसतात आणि ट्रकांच्या रांगा. कामठ्याचं सामान आहे ते रस्ता सोडून आत, डोंगरउतारांवर.

हे सामान म्हणजे प्रामुख्यानं बांबू, आणि बांबूत मानवेल. कोरड्या, खडकाळ उतारावर वाढलेल्या मानवेलीची पोकळी अगदी लहान असते. बुडाकडची पेरं तर जवळपास भरीव. पोलिसांची लाठी, कुऱ्हाडीचा दांडा, तंबूचा खांब मानवेलीचा असतो तो याच गुणामुळे. भिल्लांचा कामठा बहुतेक ठिकाणी चिरलेल्या बांबूचाच. पण लाकडी कामठाही आपल्याकडे अनोळखी नाही. त्यासाठी भारतभर नाव घेतलं जातं ते धामणीचं. धामण चिवट असते, वाकवली तर परत येते. कावडीच्या दांड्याला आणि अवजारांच्या मुठींना तीच लागते. साग इथे भरपूर, पण सागाचा लौकिक वेगळ्या गुणासाठी आहे. ऊन-पाऊस आला तरी साग जागचा फारसा हलत नाही, म्हणून तो दाराच्या चौकटीला. कामठ्याला मात्र हलणारं आणि हलून परत येणारं लाकूड हवं.

*

बांबू कधी तोडायचा, यात निम्मं काम आहे. मानवेलीला नवे कोंब पावसाळ्यात फुटतात आणि काही आठवड्यांत पूर्ण उंची गाठतात. उंची गाठली म्हणजे बांबू झाला असं नव्हे. पहिल्या वर्षीचा बांबू पाणचट असतो, त्याच्या भिंती अजून भरायच्या असतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तो पक्का होतो. वय ओळखायचं ते सालीवरून. कोवळ्याचा रंग ताजा आणि पेरांवर कोंबाच्या वाळक्या खोळी चिकटलेल्या, जुन्याची साल निबर, त्यावर पांढुरके डाग, आणि कोयत्याच्या पाठीनं वाजवला तर आवाज ठणठणीत.

पावसाळ्यात बेटातले जुने बांबू आपल्या पोटातला साठा नव्या कोंबांना पुरवतात. हा साठा म्हणजे पिठूळ स्टार्च, आणि घुणाच्या भुंग्याला तोच हवा असतो. पाऊस संपला, कोंब वर गेले की साठा उतरलेला असतो. म्हणून तोड करायची ती दिवाळीनंतर, थंडीत. बहुतेक ठिकाणी अंधाऱ्या पक्षात तोडायचा रिवाज आहे. चंद्राचा आणि घुणाचा संबंध कितपत आहे यावर वाद घालता येईल, हंगामाचा आणि घुणाचा संबंध आहे यावर नाही. भर पावसात तोडलेल्या बांबूखाली वर्षभरात पिवळं पीठ साचतं आणि काठी हलकी होत जाते.

बेटातला कुठला बांबू घ्यायचा याबद्दल वसिष्ठांच्या नावावर असलेल्या धनुर्वेदसंहितेत एक फार नेमकी यादी आहे. अति जुना नको, कच्चा नको, जळलेला नको, भोक पडलेला नको. आणि आपल्याच भाऊबंदांवर घासलेला नको. बेटात बांबू दाटीनं उभे असतात, वारा आला की एकमेकांवर घासतात, आणि घासलेल्या जागी वरची कठीण साल झिजते. कामठा ताणला की पहिला तडा तिथेच जातो. ज्यानं ही अट लिहून ठेवली त्यानं एकदा तरी असा कामठा हातात मोडलेला पाहिला असणार, याबद्दल मला शंका नाही. त्याच ग्रंथात धनुष्याला तीन, पाच, सात किंवा नऊ पेरं असावीत, चार, सहा, आठ नसावीत असंही सांगितलं आहे. शुभ-अशुभ बाजूला ठेवलं तर माझा अंदाज असा, की पेरं विषम असली म्हणजे मधोमध मुठीखाली गाठ येत नाही आणि दोन्ही बाजूंना गाठी सारख्या पडतात.

*

आता वाळवणं. ताज्या तोडलेल्या बांबूत पाणी किती असतं? कोरड्या वजनाच्या निम्म्याहून जास्त, कोवळ्या किंवा बुडाकडच्या भागात तर कोरड्या वजनाइतकंही. असा ओला बांबू छान वाकतो. तिथेच नवशिका फसतो. ओली काठी वाकते ती वाकलेलीच राहते, परत येण्याचा जोर तिच्यात नसतो. दोरी काढली तरी पाठीत बाक राहिलेला कामठा दिसला की समजावं, हा ओलाच घडवला. जगभरचे धनुष्यकार लाकूड ८ ते १० टक्के ओलाव्यापर्यंत उतरवतात. त्याहून ओलं असेल तर कामठा सुस्त, त्याहून फार कोरडं असेल तर ठिसूळ.

लाकडातलं पाणी दोन ठिकाणी असतं, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतलं आधी जातं, तोवर लाकडाचा आकार बदलत नाही. ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास आला की भिंतींतलं पाणी निघू लागतं आणि लाकूड आकसायला लागतं. वर्तुळांच्या दिशेनं ते जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडच्या दिशेनं. त्यामुळे अख्खी गोल फांदी वाळवली की ती फाटते, एका बाजूनं गाभ्यापर्यंत. म्हणून धामणीचं लाकूड आधी उभं चिरून ठेवायचं. बांबूची गत आणखी वेगळी. तो पहिल्या दिवसापासूनच आकसायला लागतो, म्हणून घाई त्याला अजिबात सोसत नाही.

धाग्याच्या दिशेनं, म्हणजे टोकांतून, पाणी बाजूपेक्षा कितीतरी पट वेगानं बाहेर पडतं. टोकं आधी वाळतात, आकसतात, मधला भाग अजून फुगलेलाच असतो, आणि टोकाला चिरा पडून त्या आत सरकतात. उपाय साधा आहे. टोकं बंद करायची. मेण, रंग, डिंक, नाहीतर शेण, जे हाताशी असेल ते. सारवलेल्या अंगणाच्या देशात हे कुणाला शिकवावं लागत नाही. काठी लागणाऱ्या मापापेक्षा वीतभर लांबच तोडायची, म्हणजे चीर पडलीच तर तेवढा तुकडा कापून टाकता येतो.

उन्हाबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. खानदेशात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, मग वाळवायला अडचण कसली? अडचण हीच. भर उन्हात बाहेरची साल तासाभरात कोरडी होते आणि आत ओल तशीच कोंडली जाते. कडेनं वाळून वर उचललेला आणि मध्ये ओला राहिलेला पापड डोळ्यांसमोर आणा, काठीही तशीच पीळ खाते. काठी वाळवायची ती सावलीत, वारा खेळेल अशा जागी, जमिनीपासून उंच, खाली दोन-तीन टेकू देऊन.

कुडाच्या घरात या सगळ्याची सोय आधीपासून असते. चुलीच्या वर माळा असतो. तिथे बियाणं, भोपळे, मासळी, टोपल्या असं जे जे किडीपासून वाचवायचं ते ठेवलेलं असतं. त्यातच बांबूच्या चिरफळ्या. खालून दोन वेळा धूर आणि ऊब, तीही मंद. पाणी हळूहळू जातं, धुराचा थर बसतो, घुण दूर राहतो. चिरलेला बांबू काही आठवड्यांत कामाजोगा होतो, जाड लाकडाला महिने लागतात. पाश्चात्य सुतारांचा एक ठोकताळा आहे, इंचभर जाडीला एक वर्ष. इथल्या कोरड्या हिवाळ्यात इतकं लागत नाही, पण काठीला तिचा वेळ द्यावाच लागतो.

काठी वाळली हे ठरवायचं कसं? शहरातला हौशी माणूस ओलावामापक आणेल. त्याहून स्वस्त आणि खात्रीचं साधन म्हणजे किराणा दुकानातला काटा. काठीचं वजन करायचं, लिहून ठेवायचं, आठवड्यानं परत करायचं. वजन उतरायचं थांबलं की ती हवेशी जुळली. जाणता माणूस हे हातानं तोलून आणि नखानं टिचकी मारून सांगतो. ओल्या काठीचा आवाज बसका येतो.

पण ‘हवेशी जुळली’ यात एक मेख आहे. हवा कुठे स्थिर असते? उन्हाळ्यात इथे घरातलं लाकूड ६-७ टक्क्यांवर उतरतं, श्रावणात तेच १५ टक्क्यांच्या वर जातं. एकच कामठा वैशाखात ताठ आणि तापट, श्रावणात मऊ आणि आळशी. म्हणून पावसाळ्यात तो पुन्हा माळ्यावर जातो. आणि काम झालं की दोरी उतरवायची, हा नियम बाराही महिने. दोरी चढवून भिंतीला टांगलेला कामठा रात्रंदिवस ताणात असतो आणि हळूहळू त्याच बाकाला सरावतो. दिवाणखान्यातल्या भिंतीवर दोरी चढवलेला कामठा लटकताना दिसला की मला त्या यजमानाला हे सांगावंसं वाटतं. अजून सांगितलेलं नाही.

सीतास्वयंवराकडेही या बाजूनं बघता येईल. पिढ्यान् पिढ्या पेटीत पडून असलेलं धनुष्य बाहेर काढलं, दोरी चढवली आणि एका दमात कानापर्यंत ओढलं, तर ते मधोमध मोडणार हे कुठल्याही कामठेवाल्याला आधीच कळलं असतं. रामाच्या बळाला यानं उणेपणा येत नाही. देखभालीचा प्रश्न जनकाकडे जातो.

*

काठी वाळली की तासणी सुरू होते, आणि इथे घाईला शिक्षा आहे.

कारागीर उकिडवा बसतो, काठीचं एक टोक पायाच्या अंगठ्याशी दाबून धरतो आणि कोयत्यानं ढोबळ आकार काढतो. मधे मूठ जाड, दोन्ही पाती टोकांकडे निमुळती. बांबूची एक बाजू सालीची, एक गाभ्याची. सालीकडे चिवट धागे दाटीनं असतात, गाभ्याकडे विरळ होत जातात. कामठा ओढला की बाहेरची बाजू ताणली जाते आणि ओढणाऱ्याकडची दाबली जाते. साल बाहेर ठेवायची की आत, याच्या दोन्ही पद्धती जगात आहेत. पण एकदा ठरलं की सालीच्या बाजूला शक्यतो हात लावायचा नाही, खरवडायचं ते गाभ्याकडूनच. लाकडी कामठ्यातही नियम तोच. बाहेरच्या बाजूला एकच वार्षिक वर्तुळ टोकापासून टोकापर्यंत सलग ठेवायचं. मध्येच ते कापलं गेलं तर तिथून कपची उचकटते.

ढोबळ आकार झाला की कोयता बाजूला जातो. आता सुरीची धार, नाहीतर फुटलेल्या बाटलीची काच. काच उभी धरून ओढली की केसासारखी बारीक कुरळी सालपटं निघतात. इतक्या बारीक कामाची गरज का, ते गणितात बघावं. पात्याचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणात बदलतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. रुंदी दहा टक्के कमी केली तर ताठपणा दहा टक्केच घटतो. जाडी १० मिलिमीटरची ९ केली, तर तो २७ टक्के घटतो. एक मिलिमीटर! कोयत्याच्या एका निष्काळजी फटक्यात एवढं सहज उडतं, आणि उडालेलं परत लावता येत नाही.

मग पहिली परीक्षा. काठीचं टोक जमिनीवर टेकवून, मुठीवर एक हात आणि वरच्या टोकावर दुसरा ठेवून हलकंच दाबायचं. दोन्ही पाती थोडी तरी वाकतायत ना, एवढंच बघायचं. मग लांब, सैल दोरी बांधायची. कामठा भिंतीतल्या खुंटीवर किंवा झाडाच्या बेचक्यात मुठीशी टेकवायचा, दोरी थोडीशी खाली ओढायची आणि मागे सरून बघायचं. दोन माणसं असली तर उत्तम, एकानं ओढायचं, दुसऱ्यानं बघायचं. बघणारा बहुधा वयानं मोठा असतो. ओढणारा पोरगा, आणि त्याला दर दोन मिनिटांनी ‘थांब रे’ ऐकावं लागतं.

बघणाऱ्याला जिथे काठी सरळ दिसते तिथे तो कोळशाची रेघ मारतो. तिथे ती ताठ आहे, तिथलंच खरवडायचं. जिथे जास्त वाकते तिथे हात लावायचा नाही. ऐकायला सोपं आहे, पण हात नेमका वाकणाऱ्या जागेकडेच जातो, कारण दोष डोळ्यात भरतो तो तिथे. कमजोर जागा दुरुस्त होत नाही, बाकीच्या काठीला तिच्या पातळीवर आणावं लागतं. म्हणजे दर चुकीची किंमत कामठ्याच्या जोरातून वळती होते. मोठ्या प्राण्याच्या मापानं काढलेला कामठा असा करता करता पाखरांच्या लायकीचा उरतो.

चार-दोन वेळा काच फिरवली की दोरी वीस-तीस वेळा हलकी ओढायची आणि सोडायची. खरवडल्याचा परिणाम लगेच दिसत नाही, धागे नव्या जाडीशी जुळायला वेळ घेतात. न थांबता खरवडत गेलेला माणूस पाच मिनिटांनी बघतो तेव्हा पातं हवं त्यापेक्षा जास्त वाकलेलं असतं. शिवाय दोष दिसत असताना पुढे ओढायचं नाही. वीतभर ओढीत जिथे घडी दिसतेय, तिथे हातभर ओढीत मोडच येणार. तुटेस्तोवर ताणू नये ही म्हण आपण भांडणात वापरतो. ती या खुंटीपाशी जन्मली असावी असं वाटण्याइतकी ती इथे शब्दशः खरी आहे.

शेवटी वरच्या आणि खालच्या पात्याचा हिशेब. हात मुठीवर असतो आणि बाण हाताच्या वरून सुटतो. म्हणजे बाण कामठ्याच्या नेमक्या मध्यातून जात नाही, खालच्या पात्यावर थोडा जास्त भार येतो. त्यासाठी खालचं पातं किंचित ताठ ठेवतात. हा फरक डोळ्यांना जेमतेम कळतो. पण तो साधला नाही तर दोन्ही पाती दोरीला एका वेळी परत आणत नाहीत आणि हाताला झटका बसतो.

ज्याला तयार कामठा बघून यातलं काही दिसत नाही त्याला अपूर्ण कामठा बघावा लागेल. जगातला सर्वांत प्रसिद्ध अपूर्ण कामठा इटली-ऑस्ट्रियाच्या सीमेवर आल्प्समध्ये सापडला. १९९१ साली बर्फातून वर आलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ नावाच्या माणसाजवळ यू वृक्षाची १.८२ मीटरची काठी होती. तिच्यावर तासणीच्या खुणा तशाच आहेत, दोरीला खाचही नाही. भात्यात १४ बाण, त्यातले दोनच पुरे झालेले. त्याच यू लाकडाची, पण पूर्ण झालेली १७० हून अधिक धनुष्यं इंग्लंडच्या ‘मेरी रोझ’ या जहाजातून मिळाली. जहाज १५४५ मध्ये बुडालं, १९८२ मध्ये वर काढलं. त्या धनुष्यांत बाहेर पांढरं रसकाष्ठ, आत तांबूस गाभा, अशी रचना आहे. ताण सोसणारं बाहेर, दाब सोसणारं आत. आपल्या बांबूत साल आणि गाभा हे तेच काम वाटून घेतात.

*

दोरीबद्दल थोडक्यात, पण सांगायलाच हवं. भिल्लांच्या कामठ्याची जुनी दोरीही बांबूचीच. सालीची लांब, पातळ चिरफळी काढून, खरवडून, तिच्या टोकांना फासे बांधून ती चढवतात. ही दोरी फारशी ताणत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्याच्या दोरीसाठी मोरवेल, रुई, ताग, स्नायू यांच्या जोडीला वेळूचंही नाव आहे, आणि धनुष्यांमध्ये ताड, बांबू, लाकूड, शिंग असे प्रकार दिले आहेत. म्हणजे ही दोरी निदान दोन हजार वर्षांच्या ओळखीची. आज मिरवणुकीतल्या कामठ्याला नायलॉनची दोरी असते, बऱ्याचदा हिरवी.

नायलॉनला माझा आक्षेप नाही, ती मजबूत असते. आक्षेप आहे तो सैल दोरीला.

*

कामठा ओढायची गरज का संपली याचं एक उत्तर बंदूक. १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे गेला. डोंगरातल्या भिल्लांना नुसतं मारून वठणीवर आणता येत नाही हे कळल्यावर १८२५ मध्ये जेम्स आउट्रमनं धरणगावला भिल्लांचीच पलटण उभी केली. कामठेवाल्यांच्या हाती बंदुका आल्या. १८५७-५८ च्या उठावात सातपुड्यात खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या माणसांनी इंग्रजांशी लढा दिला. एप्रिल १८५८ मधली आंबापाणीची लढाई आजही या भागात सांगितली जाते.

दुसरं उत्तर कायदा, आणि ते जास्त परिणामकारक. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हत्याराची जी व्याख्या आहे तिच्यात बंदूक, स्फोटकं, जाळं, विष यांच्या बरोबरीनं धनुष्यबाणही आहे. शिकार थांबायला हवी होती, याबद्दल वाद नाही. पण शिकार थांबली की कामठ्याची रोजची परीक्षाही थांबते. बाण चुकला तर घरी कालवण नाही, ही ज्याच्यापुढची कसोटी होती तो वाकडा तोल खपवून घेत नव्हता. मिरवणूक खपवून घेते.

आणि सामानाचं काय? १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं बांबूला झाड ठरवलं. वनस्पतिशास्त्रात तो गवत, कायद्यात झाड, त्यामुळे एक बांबू तोडून खांद्यावर आणणारा माणूस वनाधिकाऱ्याच्या नजरेत झाडचोर. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज म्हटलं, तरी प्रत्यक्ष परवाना हाती यायला वेळ लागला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक २०११ मध्ये मिळालं, तेव्हा केंद्रीय मंत्र्यानं स्वतः गावात येऊन दिलं म्हणून त्याची देशभर बातमी झाली. १९२७ चा कायदा २०१७ मध्ये बदलला आणि वनाबाहेरच्या जमिनीवरच्या बांबूचं झाडपण गेलं. तीन वर्षांचा पक्का, न घासलेला, थंडीत तोडलेला बांबू हवा असेल, तर बेटात फिरून निवडायची मुभा लागते. भीत भीत, हाताला येईल तो तोडून पळणाऱ्याला भाऊबंदांवर घासलेला कोणता हे बघायला सवड कुठली?

*

मग आज तोल साधायची कुणाला गरज आहे? खेळाला आहे, आणि आश्चर्य म्हणजे अगदी याच शब्दांत. ऑलिंपिकमध्ये वापरतात त्या कार्बन आणि अॅल्युमिनियमच्या धनुष्यात वरच्या व खालच्या पात्याच्या बुडापासून दोरीपर्यंतचं अंतर मोजतात. त्या दोन अंतरांतला फरक, काही मिलिमीटरचा, म्हणजे ‘टिलर’. तो षट्कोनी चावीनं बोल्ट फिरवून बदलता येतो. इंग्रज कारागीर काठी खरवडत जो तोल आणायचे त्याचं नाव या बोल्टला चिकटलं आहे. काचेच्या तुकड्यानं होणारं काम चावीनं होतं, आणि चुकलं तर उलटं फिरवता येतं, हा केवढा मोठा ऐषाराम आहे हे खुंटीपाशी बसलेल्या माणसालाच कळेल.

राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातला आदिवासी मुलगा लिंबाराम बांबूच्या धनुष्यानं पाखरं मारत वाढला. १९८७ मध्ये क्रीडा प्राधिकरणाच्या निवड चाचणीत तो सापडला, पुढच्याच वर्षी सोल ऑलिंपिकमध्ये उतरला. १९९२ मध्ये बीजिंगच्या आशियाई तिरंदाजी अजिंक्यपद स्पर्धेत ३० मीटरवर ३६० पैकी ३५८ गुण घेऊन त्यानं विश्वविक्रमाची बरोबरी केली. महाराष्ट्राचंही अलीकडे बरं चाललं आहे. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले, दोघंही कंपाउंड धनुष्यात. भिल्लांबद्दल सांगतात की ते अंगठा न लावता, पहिल्या दोन बोटांत बाण धरून ओढतात, आणि त्यावर एकलव्याची कथा हटकून येते. ऑलिंपिकमधला रिकर्व्ह धनुर्धरही दोरी तीन बोटांनीच ओढतो, अंगठा मोकळा.

आपल्याकडे धनुर्विद्येच्या स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात बांबू-लाकडाचंच धनुष्य चालतं, नेम धरायचं उपकरण चालत नाही, अंतरं ५० आणि ३० मीटर. कार्बनचं धनुष्य लाखांच्या घरात जातं, त्यामुळे खेड्यातल्या मुलाची सुरुवात इथूनच होते. या मुलांना कामठे लागतात, तेही सारखे वाकणारे, पावसाळ्यातही नेम न सोडणारे. त्यांना रंग-गोंडे नको असतात. आश्रमशाळांनी, क्रीडा विभागानं, आदिवासी विकास विभागानं दरवर्षी सत्कारासाठी जे कामठे घेतले जातात त्यातले थोडे जरी या मापानं मागवले, तर खुंटीपाशी बसणाऱ्या म्हाताऱ्याला ‘थांब रे’ म्हणायला पोरगा मिळेल. अट एकच घालावी लागेल. कामठा घेताना तो ओढून बघायचा, आणि वाळवायच्या महिन्यांचेही पैसे द्यायचे. खरेदीची निविदा मार्चअखेरीला काढून एप्रिलमध्ये माल मागितला, तर ओलाच मिळणार.

कार्तिकात तोडलेली मानवेल फाल्गुनाच्या होळीला खुंटीवर चढते. धामणीचा कामठा हवा असेल, तर तो पुढच्या वर्षीच्या होळीचा धरावा.